एक प्रकारचे झुडूप

काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या वर्गात आमच्यापैकी एकजण ग्रामीण कथा शिकवत होता. कथेतल्या घराला कारवीचा कूड होता आणि पाठाखाली टीप होती : 'कारवी – एक प्रकारचे झुडूप.' टीप वाचून दाखवली, तास पुढे सरकला. तेवढ्यात जावळीच्या खोऱ्यातून रोज एसटीने येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, झुडपाची भिंत कशी होईल?" प्रश्न तिला पडलेला नव्हता, उत्तर तिला ठाऊक होते. तिच्या आजोळच्या घराला तसाच कूड होता. कारवीच्या सरळ, बोटाएवढ्या जाड काठ्या एकमेकींना लगटून उभ्या करायच्या, आडव्या बांधून घ्यायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपायच्या, असे तिने उभे राहून समजावून सांगितले. आम्हाला पडलेला प्रश्न वेगळाच होता. ही कथा आम्ही जवळजवळ पंधरा वर्षे शिकवत होतो. त्या पंधरा वर्षांत त्या घराची भिंत आम्ही एकदाही पाहिली नव्हती, मनातसुद्धा.

या टिपणात आम्हाला जे म्हणायचे आहे त्याचे मूळ त्या टिपेत आहे. मराठीच्या पाठ्यपुस्तकांत, संपादित आवृत्त्यांत आणि मार्गदर्शिकांत 'एक प्रकारचे झाड', 'एक रानफूल', 'एक प्रकारचा दगड' या टिपा इतक्या रुळल्या आहेत की त्यांतली अनास्था आता कोणाला जाणवतही नाही. अलंकार, वृत्ते, आदिबंध, निवेदनतंत्र यांबाबत आपण विद्यार्थ्यांकडून काटेकोरपणाची अपेक्षा करतो. त्याच कवितेतले झाड मात्र कोणतेही असले तरी चालते. 'निसर्ग' हा आपल्या समीक्षेत एक भाव झाला आहे : प्रसन्न, उदास, रौद्र. त्याला पाने नाहीत, मुळे नाहीत, आणि तो कोणत्या खडकावर उभा आहे याची चौकशी नाही. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) आपण ललित गद्याचा नमुना म्हणून शिकवतो. पण त्यातल्या झाडांपैकी किती झाडे आपल्या महाविद्यालयाच्या आवारात आहेत हे पाहून या, असा गृहपाठ आम्ही तरी कधी दिला नव्हता.

त्या तासानंतर आम्ही दोघांनी एक साधा नेम केला. रविवारी चालायचे आणि आठवड्यातून एक दुपार ग्रंथालयात बसायचे. चालताना जे दिसेल, त्याचे नाव भेटेल त्याला विचारायचे. ते नाव घेऊन ग्रंथालयात जायचे. तिथे जे सापडेल ते घेऊन पुन्हा त्याच जागी यायचे. यात शास्त्रज्ञ होण्याची हौस नव्हती. आम्ही मराठीचे शिक्षक. आमची हौस शब्दांपुरती होती. पण शब्दाच्या मागे जाताना किती चढावे लागते, याची कल्पना नव्हती.

सुरुवात वाईपासून केली. वाईचे घाट काळ्या दगडाचे. तिथून पाचगणीकडे पसरणीच्या घाटाने चढू लागले की तोच दगड रस्त्याच्या कडेला कापलेल्या भिंतीत दिसतो. पण एकसारखा दिसत नाही. कुठे तो घट्ट, काळाभोर. कुठे भुसभुशीत, पांढऱ्या ठिपक्यांचा. मध्येच तांबड्या मातीचा हातभर पट्टा, आणि त्यावर पुन्हा काळा थर. या थरांची पहिली ओळख आम्हाला पुस्तकाने करून दिली नाही. पायथ्याच्या एका वस्तीवर विहिरीचे काम चालू होते. तिथला वयस्क कामगार म्हणाला, "वर मुरूम लागतो, मग मांजऱ्या. मांजऱ्यात पाणी असतंय. काळा लागला की सुरुंग, आन पाणी नशिबात असंल तर." त्याच्या तीन शब्दांत खडकाची रचना आणि पाण्याचे गणित दोन्ही होते. पुढे ग्रंथालयात वाचले ते त्याच्याशी जुळले : घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी मुख्यतः भेगांतूनच फिरते; वायूच्या पोकळ्या असलेला, झिजलेला थर ते धरून ठेवू शकतो. त्या पोकळ्यांत नंतर खनिजे साचली, तेच पांढरे ठिपके. आणि दोन थरांमधला तांबडा पट्टा बऱ्याच ठिकाणी दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात झिजलेल्या पृष्ठभागाचा असतो. एक लाव्हा थंड झाला, उन्हापावसात कुजला, आणि मग त्यावर दुसरा येऊन पसरला.

हे सारे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहे. आजही या लाव्ह्याखाली जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश आहे. भूशास्त्रज्ञ त्याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. यातला 'ट्रॅप' हा शब्द पायरी किंवा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला, कारण थरांची झीज होऊन डोंगराला पायऱ्या पडतात. हे वाचले तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले. नदीच्या पायऱ्यांना आपण घाट म्हणतो, आणि डोंगर चढायच्या वाटेलाही घाटच. युरोपियनांनी खडकाकडे पाहून जो शब्द शोधला, त्याच्या अगदी शेजारचा शब्द मराठी माणूस शतकानुशतके पायांनी वापरत होता.

आणखी एक गोष्ट त्याच दुपारी सापडली. १९८०च्या दशकात सह्याद्रीतल्या लाव्ह्याच्या थरांचे जे वर्गीकरण रूढ झाले, त्यातल्या सर्वांत वरच्या गटाचे नाव 'वाई उपगट' असे आहे. त्यातले तीन प्रमुख स्तर खालून वर असे : पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. म्हणजे पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणारी एसटी ज्या क्रमाने चढते, त्याच क्रमाने. डायनासोरांच्या विनाशात या लाव्ह्याचा वाटा किती, हा जगभर चाललेला वाद आहे आणि त्यात वाई उपगटातील थरांचे वय कळीचे ठरते. वाई हे नाव आम्हाला कृष्णेच्या घाटांसाठी आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली तिथे उभ्या राहिलेल्या मराठी विश्वकोशासाठी ठाऊक होते. परदेशातल्या प्रयोगशाळेत तेच नाव पृथ्वीच्या इतिहासातल्या एका पानाचे शीर्षक म्हणून उच्चारले जाते, हे आमच्या एकाही विद्यार्थ्याला माहीत नव्हते. कारण आम्हालाच नव्हते.

पाचगणीच्या माथ्यावर पोचलो की काळा दगड संपतो आणि जांभा सुरू होतो. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातली सिलिका आणि इतर विद्राव्य द्रव्ये धुऊन नेली. लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरले. तो हा जांभा. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली केरळातल्या अंगाडीपुरमच्या दगडावरून त्याला 'लॅटराइट' हे नाव दिले, लॅटिनमधल्या विटेवरून. तिथे तो मऊ असताना विटांसारखा कापून काढत आणि हवेत तो कठीण होई. कोकणातले चिरे पाहिलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

जांभ्याचे खरे गूढ मात्र पाचगणीला नव्हे, साताऱ्याच्या पश्चिमेला कासच्या पठारावर उलगडले. एप्रिलमध्ये तिथे गेलो तर पायाखाली तापलेला, ओसाड, तांबूस-काळा कातळ. सप्टेंबरमध्ये त्याच जागी पाय ठेवायला संकोच वाटावा इतकी फुले. एरवी 'किमया', 'जादू' असे शब्द आम्ही सहज वापरले असते. पण कातळ वाचून गेल्यामुळे एक वेगळी गोष्ट दिसली. तिथे माती फार थोडी आहे, काही ठिकाणी तर बोटभरही नाही. शिवाय ती निकस आहे, कारण जे धुऊन जाण्यासारखे होते ते केव्हाच गेले. पावसात पाणी तुंबते, नंतर सगळे कोरडे पडते. मोठ्या झाडाला तिथे उभे राहणेच अशक्य. म्हणून तिथे जे जगते ते लहान आहे, घाईत आहे, आणि अन्नासाठी काहीतरी युक्ती करते. ओलसर जागी जांभळ्या-निळ्या ठिपक्यांसारखी जी फुले पसरतात त्यांना सीतेची आसवे म्हणतात. ही वनस्पती मुळाशेजारच्या सूक्ष्म पिशव्यांत कीटक आणि जलजीव पकडून पचवते, कारण जमीन तिला नत्र देत नाही. जवळच दवबिंदू नावाची दुसरी कीटकभक्षी वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी तेच करते. आसवे आणि दव : ही नावे देणाऱ्याने भूक पाहिली नाही, ओल पाहिली. भूक कळल्यावर नाव खोटे ठरते का? आम्हाला तसे वाटत नाही. ज्या भूमीने काही दिले नाही, तिच्यावर उगवलेल्या फुलाला सीतेचे नाव मिळावे, यात काही एक न्याय आहे.

याच पठारावर वायतुरा आहे. पाण्यात उभा, दोन फाट्यांचा तुरा. रोमन लिपीतल्या 'वाय' अक्षरासारखा दिसतो म्हणून वायतुरा, असे सांगतात. या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन १९८०च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले आणि तिच्या लॅटिन नावात सातारा आहे. म्हणजे लॅटिन नाव साताऱ्याचे आणि मराठी नाव रोमन अक्षराचे! भाषाशुद्धीच्या चर्चेत पडणाऱ्यांनी एकदा हे फूल पाहून यावे.

आता कारवीकडे वळतो, कारण कर्ज तिचे आहे.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात थिओडोर कुक यांच्या 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' या ग्रंथाचे (१९०१ ते १९०८) खंड धूळ खात पडले होते. कुक हे पेशाने अभियंते आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. डालझेल आणि गिब्सन यांची 'द बॉम्बे फ्लोरा' (१८६१) त्याआधीची. कासला आम्ही टोपल्या पालथ्या घालाव्यात तशी गोल झुडपे पाहिली होती, त्यांना टोपली कारवी म्हणतात. उघड्यावरच्या वाऱ्याने कारवीच खुरटली असावी, असा निष्कर्ष आम्ही आत्मविश्वासाने वहीत लिहून ठेवला होता. कुक यांच्या पानाने तो खोडला : त्या दोन स्वतंत्र जाती आहेत. नुसते चालून आम्ही चुकलो होतो.

आणि त्याच शोधात ती गोष्ट हाती आली. १९४४ साली ब्रेमेकांप या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने कारवीच्या मोठ्या प्रजातीची फोड करून अनेक नव्या प्रजाती केल्या. आपल्या कारवीसाठी त्याने जे प्रजातिनाम घडवले ते 'कार्व्हिया'. पुढच्या अभ्यासकांनी ती फोड बरीचशी रद्द केली आणि कारवी पुन्हा जुन्या प्रजातीत गेली; पण मधल्या काळातल्या कितीतरी पुस्तकांत सह्याद्रीतल्या लोकांच्या तोंडचा हा शब्द लॅटिनचा वेष घालून वावरला. एका डच पंडिताला जो शब्द जगाच्या वनस्पतिशास्त्रात ठेवण्याजोगा वाटला, त्याला मराठीच्या संपादकाने टीप दिली : एक प्रकारचे झुडूप.

जुन्या ग्रंथांत देशी नावे भरपूर आहेत. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'तही (१९३२ ते १९३८) माती, दगड आणि झाडे यांचे शब्द भरलेले आहेत. वनस्पतींच्या लॅटिन नावांमागे साहेबांची नावे लागली. देशी नावे ज्यांनी सांगितली ते गवळी, धनगर, वैदू, रानातून मोळी आणणाऱ्या बाया मात्र कुठेच नाहीत. ही माणसे ग्रंथालयात सापडत नाहीत. त्यांच्यासाठी पुन्हा चालावे लागते.

तसे चालताना पठाराच्या कडेच्या एका वाडीत एक वृद्ध बाई भेटल्या. आम्ही कारवीबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, "थोरला पोटात हुता तवा कारवी फुलली हुती. मग आजून दोनदा फुलली, आन त्यो ममईला गेला." कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, सगळा डोंगर एकदम, बी पडते आणि झाड मरते. हे आम्ही वाचले होते. पण मुलाचे वय कारवीने मोजता येते, हे कोणत्याही फ्लोरात नव्हते. पंधरा-सोळा वर्षांचा पोर घर सोडून गेला, एवढे सगळे त्या दोन वाक्यांत होते. आणि ते कळायला आम्हाला आधी पुस्तक वाचावे लागले होते.

त्याच बाईंना आम्ही दुसरे एक इवले फूल दाखवले. त्या म्हणाल्या, "ह्याला न्हाई नाव. जनावर खात न्हाई त्याला." हेही नोंदवायला हवे. लोकांना सगळे ठाऊक असते, ही शहरी शिक्षकांची भाबडी समजूत आहे. नाव गरजेला चिकटलेले असते. कासच्या कितीतरी फुलांची आज प्रचलित असलेली मराठी नावे अलीकडच्या हौशी अभ्यासकांनी दिलेली आहेत; 'मिकी माऊस' हे त्यांतलेच. त्यांना नाके मुरडण्याचे कारण नाही. भाषेत नवी नावे याच रीतीने येतात.

आमच्या काही सहकाऱ्यांचा आक्षेप असा की हे काम विज्ञान विभागाचे. साहित्याच्या शिक्षकाने संहितेत राहावे. हा आक्षेप मराठी परंपरेच्या अज्ञानातून येतो, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. मराठी गद्याचा आरंभ आपण ज्या 'लीळाचरित्रा'पासून धरतो, ते म्हाइंभटांनी माणसांकडे जाऊन, आठवणी विचारून, पडताळून सिद्ध केले. चौदाव्या शतकातली 'स्थानपोथी' तर चक्रधरस्वामींच्या वास्तव्याची स्थाने कुठे, कोणत्या दिशेला, कशाजवळ, याचीच नोंद आहे. संहितेतली जागा प्रत्यक्ष जमिनीवर कुठे आहे, हा प्रश्न मराठीने आपल्या बालपणीच विचारला होता. विसाव्या शतकात दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या टेकड्यांवर आणि मावळातल्या वाटांवर चालले, सूक्ष्मास्त्रे वेचली, देवींची ठाणी पाहिली, आणि ते सारे ग्रंथांशी ताडून 'मिथ अँड रिअॅलिटी' (१९६२) लिहिले. संहितेत राहण्याचा उपदेश त्यांना कोणी केला असेल तर त्यांनी तो ऐकला नाही, हे आपले भाग्य.

दुसरा आक्षेप अधिक आजचा आहे : मोबाईलने फुलाचे छायाचित्र काढले की नाव समोर येते, मग हा खटाटोप कशाला? नाव येते हे खरे, आणि आम्हीही त्याची मदत घेतो. पण येते ते बहुधा लॅटिन. त्याच्याशी कूड, मुलाचे वय, मध, मोळी यांचा सांधा जुळवून द्यायचे काम तो यंत्रमित्र करत नाही. ते आपले आहे.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. जमिनीला आपण काय म्हणतो यावर तिचे पुढे काय होते हे बरेचदा ठरते. लागवडीला न येणाऱ्या कातळाला महसुली भाषेत एक शब्द आहे : पोटखराब. शेतसाऱ्याच्या हिशेबापुरता तो बरोबरच होता. पण तो शब्द हिशेबात राहिला नाही. तो डोळ्यांत गेला. जिथे पीक नाही तिथे काही नाही, असे आपण सगळेच मानू लागलो. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवले तेव्हा त्यातल्या ३९ स्थळांत कासचे पठार होते. कास वाचले ते प्रसिद्ध झाले म्हणून. आणि आता त्या प्रसिद्धीच्या पायांखाली तुडवले जाण्याचा धोका आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात असे कितीतरी सडे आहेत, ज्यांना कोणी पाहायला जात नाही. रत्नागिरीकडच्या सड्यांवरची कातळशिल्पेसुद्धा गवताखाली होती तोवर तो नुसता कातळच होता. ज्या कातळाला भाषेत 'पोटखराब' याखेरीज दुसरा शब्द उरत नाही, त्याच्या बाजूने बोलायला कोणी उरत नाही. तो दुसरा शब्द जिवंत ठेवणे हे मराठीच्या शिक्षकाचे काम नसेल, तर कोणाचे?

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयाच्या मराठी विभागाने आपल्या भोवतालच्या पाच किलोमीटरांचा शब्दसंग्रह करावा : दगड, माती, पाणी, गवत, झाडे. प्रत्येक शब्दापुढे तो कोणी सांगितला त्याचे नाव, त्याच्या संमतीने, लिहावे. मग कोश, गॅझेटियर, फ्लोरा उघडून तो ताडून पाहावा. न जुळल्यास तसे नोंदवावे. दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा मात्र छापू नये. पदव्युत्तर प्रकल्पांसाठी दरवर्षी विषय शोधण्याची जी धावपळ होते, तिच्यापेक्षा हे सोपे आहे आणि अधिक टिकाऊ.

गेल्या वर्षी आम्ही तीच कथा पुन्हा शिकवली. पाठाखालची टीप खोडून वर्गात नवी लिहून घेतली : 'कारवी – सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढणारे सरळ काठ्यांचे झुडूप. साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते. काठ्यांचा कूड करतात. काही घरांत मुलांची वये तिच्या फुलण्यावरून सांगतात.' टीप लांबली, हे आम्हाला मान्य आहे. परीक्षेत तिला गुण नाहीत. पण त्या दिवशी वर्गातल्या एकाने विचारले, "सर, मग कथेतल्या त्या घराची कारवी कुठल्या सालची असेल?" पंधरा वर्षांत त्या कथेवर आलेला हा पहिला प्रश्न होता, ज्याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत नव्हते.